ताज्या खिम्याचे पिझ्झा-बर्गर घरी करायचे आहेत: खिमायंत्र आणि मांस याबद्दल सल्ला हवा

एडिसनकर

नमस्कार मंडळी. मुलाच्या वाढदिवसाला त्याचे मित्र आणि त्यांचे आईवडील मिळून दहा जण घरी येणार आहेत. पिझ्झा की बर्गर या वादावर तोडगा म्हणून दोन्ही एकाच पावात घालून देण्याचे मी कबूल करून बसलो आहे. गोमांसाची जाड पॅटी, तिच्यावर दाट टोमॅटो सॉस, पेपरोनी, हात न आखडता घातलेले मोझरेला आणि लसणीच्या लोण्यात भाजलेला बन, असा बेत आहे. दुकानातला तयार खिमा डब्यात घट्ट दाबून भरलेला असतो आणि त्याचा बर्गर चिवट होतो, म्हणून या वेळी अख्खा तुकडा आणून घरीच खिमा करायचा आहे. यंत्रासाठी सत्तर डॉलरच्या आतच खर्च करायचा आहे. माझ्याकडे स्टँड मिक्सर नाही आणि ओट्यावर त्याला जागाही नाही, त्यामुळे कृपया त्याला जोडायचे भाग सुचवू नयेत. बिडाचा जाड तवा आणि वरून आच देणारा ब्रॉइलर असलेला ओव्हन आहे. यंत्र कोणते घ्यावे, मांस कोणत्या भागाचे आणावे आणि सॉसमुळे पाव भिजून गळू नये म्हणून काय करावे, एवढेच विचारायचे आहे.

तवा_गरम

मिक्सर नको असे तुम्ही लिहिले आहे ते वाचले, तरीही सांगतो की मिक्सरच घ्या. मी चारशे डॉलरचा घेतला, त्याला धातूचे खिम्याचे जोड वेगळे शंभर मोजून आणले आणि तेव्हापासून आमच्या घरात दुकानातला खिमा आलेला नाही. कणीक मळता येते, केकचे पीठ फेटता येते, खिमा होतो, म्हणजे एका खर्चात तीन कामे होतात. मांसाचे म्हणाल तर चक (खांद्याचे), ब्रिस्केट (छातीचे) आणि शॉर्ट रिब (फासळ्यांचे) समप्रमाणात घ्या. माझ्याकडचे बर्गर खाऊन पाहुणे हॉटेलचे नाव काढत नाहीत. शिवाय घरी केलेला खिमा असल्यामुळे आतून गुलाबी ठेवला तरी काही बिघडत नाही, आणि खरी चव त्या गुलाबी भागातच असते.

काटेकोर

वरच्या प्रतिसादातले शेवटचे वाक्य कृपया कोणीही मनावर घेऊ नये. अख्ख्या तुकड्यावर जंतू असलेच तर ते बहुतांशी पृष्ठभागावर असतात आणि तव्याच्या आचेने मरतात. खिमा करताना तोच पृष्ठभाग आत जातो, मग यंत्र दुकानातले असो वा घरचे. म्हणूनच अमेरिकेच्या कृषी खात्याने स्टेकसाठी १४५ अंश फॅरेनहाइट आणि नंतर ३ मिनिटांची विश्रांती, पण खिम्यासाठी थेट १६० अंश, असे वेगवेगळे आकडे दिले आहेत. १९९३ साली पश्चिमेकडच्या राज्यांत नीट न शिजलेल्या हॅम्बर्गरमुळे सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. पुढच्याच वर्षी, त्या साथीला कारण ठरलेला ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जंतू असलेला कच्चा खिमा भेसळयुक्त मानायचा, असा निर्णय सरकारने घेतला. तुमच्याकडे लहान मुले येणार आहेत. सत्तरातले पंधरा डॉलर टोचायच्या थर्मामीटरसाठी आधी बाजूला काढा आणि यंत्राचा विचार उरलेल्या पैशांत करा.

तवा_गरम

चांगल्या ठिकाणचे अख्खे मांस घेतले तर हा सगळा बाऊ करण्याचे कारण नाही. आम्ही सगळे धडधाकट आहोत.

काटेकोर

अख्खे दिसणारे मांसही कधी कधी कारखान्यात सुया किंवा पाती टोचून मऊ केलेले असते आणि तेव्हा पृष्ठभागावरचे जंतू आधीच आत गेलेले असतात. मे २०१६ पासून अशा मांसाच्या वेष्टनावर तसे लिहिणे बंधनकारक आहे, तेव्हा निदान लेबल तरी वाचत जा.

म्हापशेकरीण_स्विंडन

आमच्या इंग्लंडमध्ये बर्गरच्या गाभ्यात ७० अंश सेल्सियस दोन मिनिटे असा सल्ला देतात, म्हणजे तुमच्या १६० फॅरेनहाइटच्या फार जवळ, त्यामुळे आकड्यांवरून भांडण्यात अर्थ नाही. मला बोलायचे आहे ते पावाबद्दल, कारण तिकडे कोणी वळायलाच तयार नाही. गोड, लुसलुशीत ब्रिओश बन या पदार्थाला मुळीच नको. सॉस लागला की तो पाच मिनिटांत बसतो. गोव्यात, म्हापशात आमचा पोदेर (पाववाला) सकाळी जे उंडे आणायचा, बाहेरून कडक आणि आतून चिवट, त्या जातीचा पाव इथे लागतो. तिखट रस्सा पिऊनही उंडो हातात आकार सोडत नाही. तुमच्या न्यू जर्सीत उंडे मिळणार नाहीत, पण इटालियन बेकऱ्यांची तिथे वाण नाही, तेव्हा गोल, कडक कवचाचे रोल मागून घ्या. कापलेली बाजू लोणी लावून तव्यावर तांबूस होईपर्यंत भाजा आणि सॉस लावण्याआधी तिच्यावर चीजचा पातळ थर द्या, म्हणजे पाव आणि सॉस यांच्यामध्ये आडोसा होतो.

शिकागोशेजारी

पिझ्झा-बर्गर म्हणजे पॅटीवर पिझ्झ्याचे सामान रचणे, हे तुम्ही सगळ्यांनी गृहीत धरले आहे. इकडे मध्य-पश्चिमेत शाळांच्या उपाहारगृहांत जो पिझ्झा-बर्गर मिळत आला आहे, त्यात खिमा परतून सॉसमध्येच कालवतात, अर्ध्या बनवर पसरतात, वर चीज घालतात आणि उघडाच ब्रॉइलरखाली धरतात. दहा जणांना एकाच ताटात, एकाच वेळी गरम देता येते. मुलांना हेच आवडते आणि यंत्राची गरजच उरत नाही.

तवा_गरम

मग त्याला बर्गर का म्हणायचे? खिम्याचा टोस्ट म्हणा. ताज्या खिम्याचा मोकळा, रवाळ पोत सॉसमध्ये कालवल्यावर राहणारच नाही, आणि धागाकर्त्याला नेमका तोच हवा आहे.

आजीचा_ओटा

सत्तर डॉलर तरी कशाला घालवायचे? आमच्या घरी हाताने फिरवायचे पुरणयंत्र आहे. त्यातून मी शिजवलेल्या मटणाचे कबाब केले आहेत आणि ते उत्तम झाले. यंत्र भारतातून येताना सामानात आणले, तपासणीच्या वेळी त्याच्यावरून अर्धा तास गेला, पण आणले.

नट_बोल्ट

पुरणयंत्र शिजलेली डाळ जाळीतून दाबून काढते, त्यात कापणारे पाते नसते. कच्चे मांस घातले तर फक्त चेचले जाईल. ही सूचना बाद समजावी.

मी हौसेने घरी सॉसेज करतो, त्यामुळे यंत्राबद्दल थोडे सविस्तर लिहितो. खिमा चांगला होण्याचे श्रेय यंत्राच्या किमतीपेक्षा गारव्याला आणि पात्याच्या धारेला जास्त जाते. मांसातले शिरांचे पांढरे पट्टे आणि चामट पडदा काढून टाका, नाहीतर तो पात्याभोवती गुंडाळला जातो आणि पुढचे मांस कापले जाण्याऐवजी रगडले जाते. मग इंचभराचे तुकडे करा, ताटात एका थरात मांडून फ्रीजरमध्ये अर्धा तास ठेवा. कडा कडक झाल्या पाहिजेत, पण मधला भाग बोटाने दाबला तर दबला पाहिजे. त्याच वेळी यंत्राचे सुटे भागही फ्रीजरमध्ये ठेवावेत, कारण लोखंड कोमट असले की चरबी वितळून मांसाला माखते आणि जाळीतून स्वच्छ दोऱ्यांऐवजी गुलाबी लगदा बाहेर येतो. तो दिसताक्षणी थांबा, जाळी उघडा, पाते पुसा आणि सगळे पुन्हा गार करा.

दुसरी गोष्ट पात्याची. चार पाकळ्यांच्या त्या पात्याची एक बाजू सपाट असते आणि दुसरी थोडी फुगीर. सपाट बाजू जाळीला चिकटून बसली पाहिजे. पाते उलटे बसले तरी यंत्र फिरते, खिमाही बाहेर येतो, पण तो कापलेला नसतो, आणि लोक यंत्राच्या नावाने बोटे मोडत बसतात. जाळी साधारण सहा मिलिमीटर भोकांची वापरा आणि मांस एकदाच काढा.

तिसरी गोष्ट मिठाची. खिम्यात आधी मीठ मिसळले तर मांसातली प्रथिने विरघळून एकमेकांना धरतात. सॉसेजला ते हवे असते, बर्गरला नको असते. पॅटी तव्यावर टाकण्याच्या क्षणी वरून मीठ भुरभुरावे. खिमा मळू नये, नुसता गोळा करून हलकेच थापावा, बनपेक्षा बोटभर रुंद ठेवावा आणि मध्ये अंगठ्याने खळगा करावा, म्हणजे शिजताना पॅटी फुगून सॉस खाली घसरणार नाही.

यंत्र म्हणाल तर तुमच्या पैशांत हलके विजेचे यंत्र येते. मोटर दुबळी असते, पण मांस गार असेल तर दोन किलोला पुरते. हाताने फिरवायचे बिडाचे यंत्र त्याहून स्वस्त आणि टिकाऊ असते, मात्र त्याचा शिकंजा ग्रॅनाइटच्या जाड ओट्याला बसत नाही. माझा तोच अनुभव आहे, म्हणून ते सुचवत नाही.

पुणे_कँप

महाराष्ट्रात २०१५ पासून गाय-बैलाच्या मांसावर बंदी असल्यामुळे आम्ही म्हशीचाच खिमा वापरतो आणि तो फार कमी चरबीचा असतो. म्हणून आम्ही खाटकाला सांगून गुर्द्याभोवतीची थोडी चरबी त्यात घालून घेतो, चार भाग मांसाला एक भाग चरबी या हिशेबाने. तुम्हाला चक रोस्टमध्ये साधारण तेच प्रमाण आपसूक मिळते आहे, मग तीन-तीन भाग मिसळण्याचा खटाटोप कशाला? आणि यंत्र तरी कशाला? ओळखीचा खाटीक असेल तर समोर उभे राहून काढून घ्यावा. आम्ही नेहमी तेच करतो.

अंगतपंगत

यंत्राबद्दल सगळ्यांनी सांगितलेच आहे, तरी मीही सांगते की फूड प्रोसेसरमध्ये अर्धवट गोठलेले तुकडे थांबून थांबून फिरवले तर चांगला जाडसर खिमा होतो आणि नवे काही विकत घ्यावे लागत नाही. फक्त थोडे थोडे घाला. मी एकदम सगळे घातले होते, तेव्हा अर्ध्याचे पीठ झाले आणि अर्धे तसेच राहिले.

पाहुण्यांना आधी विचारून घ्या, हे मात्र कोणीच लिहिले नाही. आपल्यातली काही घरे गोमांस खात नाहीत, आणि बहुतेक पेपरोनीत डुकराचे मांसही असते, त्यामुळे मुलाचे मुसलमान मित्र असतील तर निव्वळ गोमांसाची हलाल पेपरोनी आणि खिमाही हलाल मांसाचाच लागेल. चिकनच्या पॅट्या वेगळ्या करणार असाल तर त्यांना १६५ अंश द्या, तवा आणि उलथने वेगळे ठेवा.

म्हापशेकरीण_स्विंडन

सॉसचे राहिलेच. डब्यातला टोमॅटो थेट घालू नका. तेलात लसूण परता, त्यात टोमॅटोची पेस्ट घालून ती विटकरी होईपर्यंत आणि तेल सुटेपर्यंत परता, मग कुस्करलेला टोमॅटो, वाळलेले ओरेगॅनो आणि लाल मिरचीचे तुकडे घालून आटवा. उलथन्याने रेघ ओढली तर ती भरून येता कामा नये, इतका दाट. आदल्या दिवशी केला तर आणखी चांगला. मोझरेला पाण्यातले ताजे गोळे नकोत, कमी ओलाव्याची वडी आणून घरी किसा, कारण तयार किसाला चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेले असते आणि तो एकसंध वितळत नाही. पेपरोनी आधी तव्यावर कुरकुरीत करून बाजूला ठेवा आणि तिच्या सुटलेल्या चरबीतच पॅट्या भाजा.

एडिसनकर

सर्वांचे आभार. निर्णय असा आहे: मी हाताने फिरवायचे बिडाचे यंत्रच घेतले, पस्तीस डॉलरला. ते इथे कोणीही सुचवले नव्हते आणि नट_बोल्ट यांनी तर स्पष्ट नको म्हटले होते, याची मला कल्पना आहे. ओट्याला ते खरोखरच बसत नाही, पण गॅरेजमध्ये मुलाचे जुने लाकडी टेबल पडून आहे, त्याच्या कडेला शिकंजा घट्ट बसला. उरलेल्या पैशांत थर्मामीटर आला. मांस फक्त चक रोस्ट, साडेचार पौंड. साफ केल्यावर १७० ग्रॅमच्या दहा पॅट्या निघतील असा हिशेब आहे. कडक पाव मात्र मी आणणार नाही, मुलाला बटाट्याचे मऊ बनच हवे आहेत, तेव्हा चीजच्या आडोशावर भिस्त ठेवतो. पेपरोनी निव्वळ गोमांसाची मिळाली, पाहुण्यांपैकी कोणाचाही आक्षेप नाही.

मंगळवारी चाचणी म्हणून थोडा खिमा काढून पाहिला. दांडा फिरवायला मुले आपणहून रांगेत उभी राहिली, आणि पात्याची सपाट बाजू जाळीकडे ठेवल्यामुळे खिमा जाडसर दोऱ्यांसारखा सुटा पडला. पॅटी उलटल्यावर चीज घालून तव्यावर झाकण ठेवले आणि कडेने चमचाभर पाणी सोडले, तर वाफेने ते मिनिटभरात वितळले, ब्रॉइलर लावावाच लागला नाही. शनिवारी गर्दी टाळण्यासाठी पॅट्या शुक्रवारीच थापून ठेवल्या तर चालतील का?

नट_बोल्ट

चालतील. प्रत्येक पॅटीच्या मध्ये मेणकागद घाला, एकावर एक तीनपेक्षा जास्त रचू नका, झाकून फ्रीजमध्ये सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवा आणि मीठ अजिबात लावू नका. यंत्र धुतल्यावर लगेच कोरडे करून तेलाचा हात फिरवा, नाहीतर रविवारी गंज दिसेल.

तवा_गरम

पस्तीस डॉलर वाया घालवलेत. मुलांचा दांडा फिरवण्याचा उत्साह दुसऱ्या पौंडानंतर ओसरेल, तेव्हा उरलेले तुम्हीच फिरवणार आहात.