कंबोडियन फ्रीडम फायटर्स: कंबोडियाचं सरकार उलथवायला निघालेली 'कम्युनिस्टविरोधी' संघटना
या संघटनेमागे अमेरिकी सरकारचाच हात असणार, असं कुणी म्हणेल. तसं असतं तर म्होरक्याला तिथेच जन्मठेप झाली नसती!

ही संघटना १९९८ मध्ये निघाली. म्होरक्या छुन यासिथ हा कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा हिशेबनीस, लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देणारा. (आपला सीए सरकार उलथवायला निघालाय अशी कल्पना करून बघा.) लाँग बीचला कंबोडियन निर्वासितांची मोठी वस्ती आहे, निधी तिथूनच जमवला. २४ नोव्हेंबर २००० च्या पहाटे कंबोडियाची राजधानी नॉम पेन्हमध्ये सरकारी इमारतींवर हल्ला झाला आणि काही तासांत चिरडला गेला. माणसं मेली, तेव्हाचा पंतप्रधान हुन सेनच्या खुर्चीला धक्काही लागला नाही. उलट विरोधकांची धरपकड करायला त्याला आयतं निमित्त मिळालं.

यासिथवर खटला लॉस एंजेलिसला चालला. २००८ मध्ये दोषी, २०१० मध्ये जन्मठेप. अमेरिकेचं ज्या देशाशी युद्ध नाही त्यावर खाजगी स्वारी करू नये हा १७९४ पासूनचा कायदाही त्याला लावला होता.

आणि 'कम्युनिस्टविरोधी' म्हणाल, तर हुन सेनच्या पक्षाने मार्क्सवाद १९९१ मध्येच सोडला होता. पण ख्मेर रूजच्या, म्हणजे कंबोडियात नरसंहार घडवणाऱ्या कट्टर कम्युनिस्टांच्या, तावडीतून सुटून आलेल्यांना हे कोण पटवणार? हुन सेन स्वतः १९७७ पर्यंत ख्मेर रूजमध्येच होता.