रोलर स्टँड घ्या, पण जरा थांबून

आठ फुटी सागवानी फळीच्या दोन्ही टोकांना प्लेनरमध्ये (फळी एकसारख्या जाडीची करणारं रंध्याचं यंत्र) खड्डा पडतो, असा प्रश्न आलाय; त्यावर कुणीतरी रोलर स्टँड, म्हणजे फळीला आधार देणारा फिरत्या रुळाचा स्टँड, सुचवलाय. खड्ड्याचं कारण वेगळं काही नाही. फळी बाहेर येताना पुढचं टोक लोंबतं, मागचं उचलून पात्यात घुसतं. आत घालताना याच्या उलट. मी लोंबणारं टोक हाताने किंचित उचलून धरतो, बरंचसं काम तेवढ्यात भागतं.

रोलरने मला कोथरूडच्या पार्किंगमध्ये चांगलंच फसवलं. फरशी उताराची (पाणी जायला हवं ना!), स्टँड जरासा तिरका राहिला आणि फळी हळूहळू गाइडपासून (बाजूच्या आधारपट्टीपासून) सरकत गेली. आता साधी लाकडी घोडी, वर सनमायकाची पट्टी, त्यावर मेणबत्ती घासलेली. जॉइंटरला (कड सरळ करणारं यंत्र) मात्र ती घोडी फळी बाहेर येते त्या बाजूच्या टेबलाच्या बरोबर पातळीत हवी. टेबलावरून घोडीपर्यंत सरळ पट्टी ठेवायची. घोडीवर फट दिसली तर पायाखाली पुठ्ठा. घोडी वर राहिली तर फळी टेबलावरून उचलली जाते आणि कड सरळ येतच नाही.

आणि तुम्हाला तुकडे तीन फुटीच लागणार असतील, तर आधी चार बोटं जास्त ठेवून कापा की! आठ फूट रंधत बसायचं कशाला?