२०१४ चा घरचा पीसी, हातात सहा हजार. रॅम टाकू, प्रोसेसर बदलू की काय करू?

आमसूल (देवगड तालुका)

नमस्कार. आमचा घरगुती धंदा आहे: आंबापोळी, फणसपोळी, कोकमचं आगळ आणि आमसुलं. घर किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर. कॉम्प्युटर पडवीत, पश्चिमेच्या खिडकीखाली. २०१४ च्या गणपतीत घेतलेला. मुलाने वाचून सांगितलं ते लिहिते: इंटेल आय३-४१३०, एच८१ चा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅमची एकच पट्टी, शेजारची जागा रिकामी, ५०० जीबीची हार्ड डिस्क. आधी विंडोज ७ होतं, नंतर १० झालं.

सकाळी बटण दाबते आणि भाताचा कुकर लावते. तीन शिट्ट्या होऊन कुकर निवतो, तरी स्क्रीनवरचं गोल फिरतच असतं. एक बिल काढायचं तर गिऱ्हाईक खळ्यात उभं राहतं. शिवाय रोज घड्याळ मागे जातं, थेट २०१३ चा जानेवारी दाखवतं, आणि बँकेची साईट उघडत नाही. गेल्या जुलै-ऑगस्टात तर तीन वेळा चालूच झाला नाही, नुसता पीं पीं वाजत राहिला. चार दिवसांनी आपसूक सुरू झाला.

तालुक्याच्या गावी दाखवला. उघडूनही न बघता सांगितलं की हे भंगार आहे, नवीन पस्तीस हजारांत बसवून देतो. माझ्याकडे बागेच्या काजूबियांचे सहा हजार आहेत, त्यापलीकडे एक रुपया नाही. मुलगा अकरावी सायन्सला आहे, पायथॉन शिकतोय, तो म्हणतो आय५ प्रोसेसर घालूया. मला बिलं, लेबलं आणि मोबाईलवरचे फोटो कापून गिऱ्हाइकांना पाठवणं एवढंच लागतं. मे महिन्यात चाकरमानी यायच्या आत सगळं सुरळीत हवंय. हा पीसी मला टाकायचा नाही. धंद्याचं पहिलं लेबल याच्यावर केलंय.

घाटमाथा

एसएसडी टाका, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी चिपवर साठवणारी वेगवान डिस्क. बाकी काही करू नका. माझ्याकडे याच पिढीचा आय३ आहे, एसएसडीनंतर वेगळाच पीसी वाटतो. जुने ऑफिसचे पीसीही मिळतात, आठव्या पिढीच्या प्रोसेसरचे, ज्यांवर विंडोज ११ चालतं, पण चांगला तुमच्या सहा हजारांत बसायचा नाही.

पातेरा (मालवण)

ताई, मी अठरा वर्षं मालवणात हीच दुरुस्ती करतो. तुमचा पीसी भंगार नाही. पण एसएसडी घेऊन आलात आणि बसवली, एवढ्यावर भागणार नाही, कारण तुमच्या तीन तक्रारींची कारणं तीन आहेत.

घड्याळाचं आधी सांगतो, कारण ते सगळ्यांत स्वस्त. मदरबोर्डवर बटणासारखा गोल सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. तो संपला की वीज गेल्यावर मशीन तारीख विसरतं. बँकेच्या साईटकडे सुरक्षिततेचं प्रमाणपत्र असतं, त्याला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. तुमचं मशीन २०१३ म्हणतंय, म्हणजे त्याच्या लेखी आजचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही, म्हणून ब्राउझर दार लावून घेतो. घड्याळाच्या दुकानातही हा सेल मिळतो. बदला, तारीख लावा, बँक उघडेल.

आता पावसातली पीं पीं. हे मी दर वर्षी बघतो, आणि पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात ते कधी येत नाही. आपल्या हवेत मीठ आहे. ते बारीक थर होऊन सगळ्यावर बसतं, आणि मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. उन्हाळ्यात तो थर सुका असतो, काही करत नाही. जुलैत तोच ओला होतो, मग रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात आणि खोबणीतल्या पिना यांच्यात नीट स्पर्श राहत नाही. मशीनला रॅम सापडत नाही आणि ते ओरडतं. चार दिवस ऊन पडलं की पुन्हा चालू. रॅम खराब म्हणून फेकायला सांगणारे भेटतील, फेकू नका. वायर भिंतीतून काढा, बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, मग पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या उघडून ती बाहेर घ्या. मुलाचा पांढरा मऊ खोडरबर घेऊन दात हलक्या हाताने पुसा. रबराचा चुरा खोबणीत पडू देऊ नका, पट्टी लांब नेऊन पुसा. त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा, वाळू द्या. खोबणी कोरड्या रंगाच्या ब्रशने झाडा. पट्टी परत बसवताना दोन्ही चिमट्या आपणहून टक् करून बंद झाल्या पाहिजेत.

पडवीतून पीसी माजघरात आणा. खिडकीतून येणारा वारा तुम्हाला बरा वाटतो, त्याला नाही. आणि पावसाळ्यात तो रोज तासभर तरी चालू ठेवा. आतली ऊब दमट हवेला बसू देत नाही. मुंबईला राहणाऱ्यांची बंद घरं असतात ना, त्यांच्या मशीनची सगळ्यांत वाईट अवस्था मी गणपतीत बघतो. प्लॅस्टिकचं कव्हर घालत असाल तर मशीन पूर्ण निवल्यावरच घाला, गरम असताना घातलं की आत घाम धरतो.

मग संथपणा. तो प्रोसेसरचा नाही. तुमच्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते आणि वाचणारा काटा जागा शोधत फिरतो. एक मोठी फाईल सरळ वाचायची तर ती बरी चालते. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली इकडून तिकडून उचलतं, आणि अशा उड्या डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपासच मारू शकते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, ती हजारोंनी मारते. त्यात ४ जीबी रॅम भरली की विंडोज उरलेलं सामान त्याच बिचाऱ्या डिस्कवर ठेवतं. म्हणून एसएसडी आणि जोडीला ४ जीबीची दुसरी पट्टी. पट्टी डीडीआर३च हवी, डीडीआर४ त्या खोबणीत बसतच नाही. जुनी वापरलेली चालेल, पण दुकानात लावून बघूनच पैसे द्या.

मुलाला सांगा, त्याचं म्हणणं चूक नाही. आय५-४५७० त्याच सॉकेटात बसतो, आणि दोनाऐवजी चार कोअर मिळतात. पण पायथॉन शिकायला आय३ भरपूर झाला. ते पैसे मी यूपीएसवर घालेन. तुमच्याकडे यूपीएस आहे का, आणि दिवे गेले की किती वेळ टिकतो?

एक काम आजच करा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम उतरवून चालवा आणि डिस्कची तब्येत कोणत्या रंगात दिसते ते इथे लिहा. निळा असेल तर निवांत.

आमसूल

दादा, रबराने पुसून झालं. रबर काळा झाला. सेलही बदलला, बँक उघडली! सात महिने मी त्यासाठी मोबाईलवर डोळे फोडत होते.

डिस्क मात्र पिवळी दाखवतेय. कॉशन लिहिलंय आणि रीॲलोकेटेड सेक्टर्सच्या ओळीपुढे पिवळा ठिपका आहे. यूपीएस आहे, ६०० व्हीएचा, पण दिवे गेले की क्षणात बंद पडतो.

पातेरा (मालवण)

मग क्रम बदलला. पिवळा म्हणजे तबकडीवरच्या काही जागा निकामी होऊन डिस्कने राखीव जागा वापरायला घेतल्यात. ती वर्षभर चालेल किंवा उद्या जाईल. विंडोज अपडेट, व्हायरस स्कॅन, डीफ्रॅग, यातलं काही आता करू नका. आधी पेनड्राइव्हवर फायली उचला. ज्यांच्यावाचून अडेल त्या पहिल्या, लग्नाचे व्हिडिओ शेवटी.

यूपीएस टाकू नका. आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, तेवढीच बदलून मिळते. दोन-तीन वर्षांत ती जातेच. आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. जांभ्यात खड्डा उन्हाळ्यात पार सुकतो आणि अर्थिंग नावाला उरतं. कोळसा-मीठ घातलेला खड्डा असेल तर आता एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी सोडत जा. वीज चमकायला लागली की बटण बंद करून पुरत नाही, पिन ओढून काढायची, इंटरनेटची केबलही. परतीच्या पावसात माझ्याकडे जळलेले राऊटर रांगेने येतात.

जोडाक्षर (रत्नागिरी)

मी डीटीपी करते म्हणून मध्ये बोलते. ताई, तुमची जुनी लेबलं कोणत्या फॉन्टमध्ये आहेत? २०१४ ची असतील तर बहुधा शिवाजी किंवा तसलाच युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या आताच्या पद्धतीच्या) आधीचा फॉन्ट असेल. तसं असेल तर नुसत्या फायली उचलून उपयोग नाही. त्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त दिसायला मराठी. नव्या विंडोजमध्ये तो फॉन्ट नसला की ‘कोकम आगळ’च्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसतो. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या बारा वर्षांच्या लग्नपत्रिका अशाच गेल्या. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात फॉन्ट्स, तो सगळा फोल्डर उचला. आणि प्रत्येक लेबलाची पीडीएफ करून ठेवा, पीडीएफमध्ये अक्षर फाईलसोबतच जातं. यापुढचं लेबल मात्र युनिकोडमध्येच करा.

विंडोज १० चंही सांगते. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ च्या यादीत नाही. आडमार्गाने ११ घालून देतो म्हणणारे असतात, धंद्याच्या मशीनवर मी ते करणार नाही. विंडोज अपडेटच्या पानावर जादा सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवता येतं, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साईन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे लागत नाहीत. ती सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तोवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली, पेनड्राइव्हवरून चालवून बघा, डिस्कवर काही न बसवताही ते चालतं. तुमचा प्रिंटर त्यात छापतो का हे आधी बघा, काही जुन्या लेझर प्रिंटरना तिथे ड्रायव्हर मिळत नाही.

आमसूल

शिवाजीच होता. तुम्ही लिहिलं नसतं तर मी फॉन्टचा फोल्डर उचललाच नसता. सगळी मिळून एकसष्ट लेबलं निघाली, दोन रात्री जागून पीडीएफ केल्या. एक फाईल उघडली नाही, २०१६ ची, जांभळाच्या सरबताची. तिची छापील प्रत डब्यावर चिकटलेली सापडली, बघून पुन्हा करेन.

पातेरा (मालवण)

आता एसएसडी. २५६ जीबी तुम्हाला पुरेल. खोक्यात साटा केबल (डिस्क मदरबोर्डाला जोडणारी तार) येत नाही, ती वेगळी मागून घ्या, नाहीतर कणकवलीची दुसरी फेरी पडेल. तुमच्या बोर्डावर चार साटा जागा असतील तर त्यातल्या दोनच वेगवान, सेकंदाला ६ गिगाबिटच्या असतात. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, टॉर्च लावून बघा आणि तिथेच जोडा. बायॉसमध्ये (मशीन चालू होताना विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय आहे ना ते विंडोज टाकायच्या आधी बघायचं. जुनी आयडीई असेल तर बदला. विंडोज नवीन टाका, पिवळ्या डिस्कवरून नक्कल करू नका. लायसन्सची काळजी नको, ते मदरबोर्डाशी बांधलेलं असतं, तेव्हा लायसन्सचा क्रमांक (प्रॉडक्ट की) विचारला तर तो न देता पुढे जा, नेटला जोडल्यावर आपोआप लागतं. विंडोज टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, म्हणजे चुकून तीच पुसली जाणार नाही.

आमसूल

रविवारी मुलाने आणि मी मिळून बसवलं. मी टॉर्च धरला. बायॉसमध्ये आयडीईच होतं, तुम्ही सांगितलं नसतं तर तसंच राहिलं असतं. हिशोब देते, कुणाला उपयोगी पडेल: २५६ जीबी एसएसडी २,३००, जुनी ४ जीबी पट्टी ५००, यूपीएसची बॅटरी ९५०, साटा केबल ८०, सेल ४०, थर्मल पेस्ट ११०. एकूण ३,९८०. पंख्याखालची जुनी पेस्ट खडूसारखी सुकली होती, मुलाने पुसून नवी लावली. उरलेल्या दोन हजारांतून वायरमनला बोलावलंय, अर्थिंगची तार खड्ड्यापाशी गंजून तुटलेलीच निघाली.

बटण दाबल्यापासून बिल उघडेपर्यंत आता चाळीस सेकंद. पहिल्या दिवशी मी सवयीने कुकर लावायला गेले आणि मुलाने आतून हाक मारली, आई, झालं चालू.

पीसी माजघरात आणलाय, देवघराशेजारच्या भिंतीला. आता एवढंच विचारते: शेजारी समई आणि अगरबत्ती असते, त्या धुराने काही होईल का? नाहीतर दुसरा कोपरा कोठीकडचा आहे, पण तिथे आगळाच्या बरण्या असतात, आणि त्यात मीठच मीठ.

पातेरा (मालवण)

देवघराशेजारीच ठेवा. तेलाचा धूर पंख्यावर चिकटतो, दर दोन महिन्यांनी ब्रशने झाडा. आगळाजवळ नको.