'रिबॅलन्सिंग'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : मुलुंडला संध्याकाळी पाच-सहा मुलांना डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे संगणकात माहिती मांडून ठेवायच्या रचना, मराठीतून शिकवते. बायनरी सर्च ट्री (प्रत्येक नोंदीच्या डावीकडे लहान, उजवीकडे मोठ्या नोंदी असलेलं झाड) एका बाजूला कललं की करतात त्या रिबॅलन्सिंगला 'पुनर्संतुलन' म्हणू का? आणि त्यासाठी नोंदी वर-खाली हलवतात त्या रोटेशनला 'परिभ्रमण'?

उत्तर : परिभ्रमण नको. शाळेच्या भूगोलात पृथ्वी सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण, स्वतःभोवती फिरते ते परिवलन. मुलांच्या डोक्यात हे पक्कं असतं. शिवाय इथे फेरा कुठलाच नाही. समजा वर ३०, त्याच्या डावीकडे २०, त्याच्याही डावीकडे १०. मग २० वर चढतो, ३० त्याच्या उजवीकडे उतरतो. १०, २०, ३० हा क्रम मात्र तसाच राहतो. याला मी 'पालट' म्हणेन. खांदेपालटातला पालट! ओझं तेच, खांदा बदलला. डावा पालट, उजवा पालट.

'पुनर्संतुलन'मध्ये पुढे स असल्यामुळे खरं तर 'पुनःसंतुलन' हवं. पण माझी हरकत संधीपुरती नाही. या शब्दाने सगळं झाड नव्याने रचल्यासारखं वाटतं, आणि ते न करणं हेच तर यातलं कौशल्य. अडेलसन-वेल्स्की आणि लँडिस यांच्या १९६२च्या एव्हीएल झाडात, म्हणजे स्वतःचा तोल राखणाऱ्या बायनरी सर्च ट्रीत, नवी नोंद घातल्यावर एकाच जागी, एकेरी किंवा दुहेरी, पालट पुरतो. नोंद काढताना मात्र मुळापर्यंत, म्हणजे सगळ्यात वरच्या नोंदीपर्यंत, पालट करत जावं लागू शकतं. रेड-ब्लॅक या तशाच दुसऱ्या झाडात नोंद काढतानाही तीनच्या वर पालट लागत नाहीत. गाडी रूळ बदलते, डबा हिंदकळतो, तेव्हा दारापाशी उभा असलेला माणूस एक पाय सरकवतो आणि तोल सावरतो. अख्ख्या डब्याला उठून बसावं लागत नाही. म्हणून 'तोल सावरणं'.

प्रश्नकर्ती : पटलं. पण 'सेल्फ-बॅलन्सिंग'ला? मी 'समतोल झाड' म्हणत होते.

उत्तर : समतोल म्हटलं की दोन्ही पारडी सारखी. एव्हीएलमध्ये दोन बाजूंच्या उंचीत एकाचा फरक चालतो, आणि तेवढी सूट देऊनही १० लाख नोंदींचं झाड २८ पातळ्यांच्या पुढे जात नाही. 'तोल सावरणारं झाड' म्हणा.

प्रश्नकर्ती : मग ३०, त्याच्या डावीकडे १०, आणि १०च्या उजवीकडे २० असेल तर दुहेरी पालट : आधी १०पाशी डावा, मग ३०पाशी उजवा. उद्या फळ्यावर असंच लिहिते.