हाताने वही शिवायला शिकायची आहे: दोरा, कागद पुण्यात कुठून घ्यावा आणि सुरुवात कशी करावी?

मेतकूट

नमस्कार मंडळी. आईची पाककृतींची वही आहे. वही म्हणजे खरं तर शाळेच्या चार वह्या, १९७८ पासून लिहिलेल्या. पंधराएक वर्षांपूर्वी मी त्या एका बाइंडरकडून एकत्र बांधून घेतल्या. त्याने चारही वह्या एकावर एक ठेवून पाठीपासून जवळजवळ अर्धा इंच आत भोकं पाडली आणि आरपार शिलाई मारली. वरून पुठ्ठा आणि रेग्झिन. दिसायला भक्कम, पण उघडतच नाही. आतल्या बाजूची अक्षरं शिवणीत गेली. डिंकाच्या लाडवांच्या पानावर खारीक किती घ्यायची तो आकडा नेमका तिथेच आहे. जोर लावून उघडायला गेले तर पान टरकलं.

आई आता नाही. वही पुन्हा शिवायची आहे, आणि माझ्याच हाताने. शिवणकाम मला येतं, फॉल-बिडिंग, काजं, गोधडी सगळं केलं आहे. कागद मात्र कधी शिवलेला नाही. कोणता दोरा, कोणती सुई, कोणता टाका? सामान पुण्यात कुठे मिळेल? मी कोथरूडला राहते, पेठांत जायची तयारी आहे.

बाइंडरचा_मुलगा

ताई, आधी एक विनंती. आईच्या वहीला इतक्यात हात लावू नका. पाच कोऱ्या वह्या शिवा, मग तिच्याकडे वळा. कापड चुकलं तर उसवून परत शिवता येतं. कागदाला पाडलेलं भोक कायमचं असतं.

तुमच्या वहीवर जे झालं त्याला आमच्याकडे आडवी शिलाई म्हणत. चोपड्या, पावतीपुस्तकं, शाळेच्या लायब्ररीतली फाटकी पुस्तकं यांना ती मारायचे, कारण भराभर होते आणि सुटी पानंही त्यात धरली जातात. तुम्हाला हवी आहे ती जुजबंदी. जुज म्हणजे एकात एक घडी घातलेल्या कागदांचा गठ्ठा, छापखान्यात त्यालाच फर्मा म्हणतात. जुजबंदीत सुई पानांच्या जाडीतून आरपार जात नाही, ती घडीच्या रेषेतून आत-बाहेर होते आणि प्रत्येक जुज खालच्या जुजाशी बांधला जातो. म्हणून पुस्तक टेबलावर सपाट उघडतं आणि एकही अक्षर झाकलं जात नाही.

आता वहीची डोक्याकडची कड, म्हणजे पाठ जिथे वरून दिसते ती बाजू, उजेडात धरून बघा. तिथे कागदांच्या घड्या झुपक्या-झुपक्यांनी गोलसर दिसतात का? दिसल्या तर घड्या शाबूत आहेत आणि काम सोपं आहे. सगळं सपाट कापल्यासारखं दिसलं तर बाइंडरने पाठ मशीनवर छाटली आहे आणि प्रत्येक पान सुटं झालं आहे. तेही दुरुस्त होतं, पण उपाय वेगळा आहे. बघून कळवा.

कागदवेडी

सरावाच्या कागदाबद्दल सांगते, कारण पहिली चूक इथेच होते. झेरॉक्सचा ए-फोर कागद आणून मधोमध दुमडला की छान ए-फाइव्ह वही होईल असं सगळ्यांना वाटतं. पण मशीनवर बनलेल्या कागदाचे तंतू एका दिशेने धावतात, त्याला ग्रेन म्हणतात. पुस्तकात ती दिशा पाठीला समांतर हवी. बाजारातल्या बहुतेक ए-फोर कागदात तंतू लांब बाजूने असतात, म्हणून तो दुमडला की ते पाठीला आडवे येतात. घडी खरखरीत पडते, पानं ताठ उभी राहतात, ओल लागली की पाठीशी लाटा येतात.

ओळखायचं कसं? कागद न मोडता अलगद वाकवा, एकदा लांबीत, एकदा रुंदीत. ज्या बाजूला सहज वाकतो, घडी त्या बाजूने घालायची. शंका असेल तर एक चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करा, तो गुंडाळी होतो. त्या नळीची लांबी म्हणजे तंतूंची दिशा.

आप्पा बळवंत चौकाच्या आसपास कागदाच्या दुकानांत मोठे ताव मिळतात, डबल डेमी म्हणजे २३ बाय ३६ इंच. ताव विकत घ्यायचा, वाकवून बघायचा आणि हव्या दिशेने कापून घ्यायचा. ७० ते ८० जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरला इतक्या ग्रॅमचा कागद, पुरतो. तिथेच पुठ्ठा आणि बाइंडिंगचं कापडही विचारा.

आणि एकदा शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत नक्की जा. १९४० साली सुरू झालेली संस्था आहे, सुती चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने कागद करतात. हातकागदात तंतू सगळीकडे पसरलेले असल्यामुळे ग्रेनची भानगड फारशी नसते आणि घडी मजबूत पडते. कव्हरला आणि अस्तराला मी दुसरं काही वापरतच नाही. पहिल्या सरावाला मात्र तो महाग आणि जाड पडेल.

मेतकूट

बघितलं. तीन वह्यांच्या घड्या दिसतात. चौथीची पाठ सपाट आहे, ती बहुतेक त्याच्याकडे जाण्याआधीच सुटली होती. शाई बरीचशी निळी, पेनातली.

बाइंडरचा_मुलगा

मग तीन चतुर्थांश काम सोपं. चौथ्या वहीचं शेवटी सांगतो. पेनातली शाई हे लक्षात ठेवायला हवं, ती पाण्याने फुटते.

गोधडीतला_टाका

दोऱ्याचं मी सांगते. परदेशी व्हिडिओंत सगळे लिननचा दोरा वापरतात. १८/३, २५/३ असे आकडे असतात. पहिला आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक, दुसरा आकडा म्हणजे पीळ किती पदरी. मिळाला तर उत्तमच, कारण लिनन ताणत नाही. नाही मिळाला तर तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत गोधडीचा पांढरा सुती दोरा घ्या आणि मधमाशीच्या मेणाच्या वडीवरून दोनतीनदा ओढा. मेण लावलेला दोरा गुंतत नाही आणि भोकात घट्ट बसतो. नायलॉन अजिबात नको. तो ताणतो, सरकतो आणि कागदापेक्षा इतका चिवट असतो की ओढाताणीत दोरा टिकतो आणि पान चिरतं.

दोरा जाड घेऊ नका. प्रत्येक जुजाच्या घडीत एक पदर बसतो, आठ जुज म्हणजे आठ पदर. जाड दोऱ्याने पाठ फुगते आणि वही पाचरीसारखी होते. माझी पहिली वही अशीच झाली, समोरून बारीक आणि पाठीकडे जाड. जुज जितके पातळ आणि जास्त, तितका दोरा बारीक, हा हिशेब.

सुई बोथट टोकाची, दोऱ्यापेक्षा किंचितच जाड. भोक सुईने नाही, टोच्याने आधीच पाडून ठेवायचं. चपलांच्या सामानाच्या दुकानात मिळणारी चांभाराची आरी नको, तिचं भोक फार मोठं पडतं. जाड सुई बाटलीच्या बुचात खोचली की झाला टोचा.

पेठेतला_वाचक

थोडं अवांतर, पण राहवत नाही. शिवलेली वही आपल्याकडे नवी नाही. पोथी सुट्या पानांची, दोन पुठ्ठ्यांत कापडाने बांधलेली. पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत. पण त्याच काळात लोक एका कडेला शिवलेली बाडं, म्हणजे हस्तलिखित वह्या, वापरत होते, रामदासी मठांतली बाडं प्रसिद्धच आहेत. जे रोज उघडायचं, ज्यात भर घालत जायचं, ते शिवून ठेवायचे. तुमच्या आईची वही त्याच जातीची आहे, म्हणून लिहिलं.

बाइंडरचा_मुलगा

आता प्रत्यक्ष शिवण. हे सावकाश वाचा आणि समोर कागद ठेवूनच करा.

ए-फाइव्ह मापाची वही, चार कागदांचा एक जुज म्हणजे १६ पृष्ठं, असे आठ जुज. प्रत्येक घडी हाडाच्या पट्टीने, नसेल तर चमच्याच्या पाठीने दाबा. सगळे जुज पाट्याखाली रात्रभर ठेवा. दाबलेला कागद शिवायला किती सोपा जातो ते तुम्हाला सकाळी कळेल.

कागदाची एक पट्टी घ्या, वहीच्या उंचीएवढी, २१ सेंटिमीटर. तिच्यावर वरून १.५, ६, ७.२, १३.८, १५ आणि १९.५ सेंटिमीटरवर खुणा करा. मधल्या दोन जोड्यांमध्ये फीत बसणार आहे, परकराच्या नाडीसारखी सपाट सुती फीत, सेंटिमीटरभर रुंद. ही पट्टी प्रत्येक जुजाच्या आत घडीत ठेवायची आणि आतून बाहेर, बरोबर घडीच्या रेषेवर टोचायचं. जुनं जाड पुस्तक अर्धं उघडून त्याच्या खाचेत जुज ठेवला की हात हलत नाही. भोक घडीच्या बाजूला दोन केस सरकलं तरी पान तिथून फाटायला सुरुवात होते. माझ्या वडिलांनी मला पहिले दोन महिने सुईच दिली नव्हती, फक्त टोचायचं काम.

दोरा एका जुजाला एक उंची, म्हणजे आठ गुणिले २१, शिवाय गाठींसाठी हातभर. सव्वादोन मीटर धरा, शेवटी वीतभर वाया गेला तरी चालेल.

पहिल्या जुजात वरच्या टोकाच्या भोकातून आत जा, बाहेर बोटभर शेपूट ठेवा. आतून फितीपर्यंत, बाहेर, फितीवरून, परत आत, असं करत खालच्या टोकाला बाहेर या. दुसरा जुज वर ठेवा, त्याच्या खालच्या टोकातून आत शिरून तसेच वर या. वरच्या टोकाला आलात की शेपटाशी सरळ गाठ मारा. तिसरा जुज शिवून खालच्या टोकाला आलात की खरा टाका येतो. चौथ्यात थेट चढायचं नाही. सुई खालच्या दोन जुजांच्या मधून, त्यांना जोडणाऱ्या दोऱ्याच्या मागून घालायची, फास पडतो त्यातून वर काढायची, मग चौथ्यात शिरायचं. याला केटल स्टिच म्हणतात. पुढे प्रत्येक टोकाला हेच. शेवटी दोन फास एकावर एक.

दोरा ओढताना नेहमी पाठीच्या रेषेत, ज्या दिशेने शिवत चाललात त्याच दिशेने. स्वतःकडे किंवा मागे ओढला की घडी चिरते. कापड शिवणाऱ्यांचा हात सवयीने वर जातो, तुमचाही जाईल.

मेतकूट

पहिली वही झाली. हात वर गेलाच, दोन जुजांची भोकं चिरली. शिवाय टोकाला ठीक आहे पण मधे जुज हलतात, दोन जुजांत फट दिसते.

गोधडीतला_टाका

प्रत्येक जुज शिवून झाला की आतला दोरा बोटाने चाचपा, सैल लागला तर तिथेच ओढून घ्या. चार जुज पुढे गेल्यावर मागचा ढिलेपणा निघत नाही. आणि प्रत्येक नवा जुज ठेवल्यावर तळव्याने खाली दाबा. फास मारताना मात्र टोकाला फार आवळू नका. टोकं आवळली की ती आत खेचली जातात आणि मधला भाग उचलला जातो, तुमचं बहुतेक तेच झालंय.

कागदवेडी

चिकटवण्याबद्दल. पाठीला पातळ मलमल आणि मैद्याची खळ. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत, मग गाळून गार करा. जुने बाइंडर किडीसाठी त्यात मोरचूद घालत. तो विषारी आहे, घरात नकोच. खळ दोन दिवसांतच संपवा. पावसाळ्यात हे काम सुरू करू नका, बांधलेली वही दिवसेंदिवस वाळत नाही आणि बुरशी धरते. सरावाच्या वह्यांना फेविकॉल चालेल, आईच्या वहीला नको, कारण तो वाळल्यावर पाण्याने सुटत नाही. खळ ओलवून कधीही काढता येते.

दाबायला लोखंडी वजनं किंवा सी-क्लॅम्प लागले तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा.

मेतकूट

तिसरी वही झाली. सपाट उघडते! फट नाही. चौथ्या-पाचव्याच्या आधी एवढं विचारून ठेवते, आईची वही उसवायची कशी आणि सुट्या पानांचं काय?

बाइंडरचा_मुलगा

आधी प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि कोपऱ्यात पेन्सिलीने हलके आकडे घाला. पुठ्ठा कापून बाजूला करा. मग शिलाईचा प्रत्येक टाका दोन्ही बाजूंनी नखकात्रीने कापा आणि तुकडे चिमट्याने उचला. लांब दोरा ओढून काढायचा नाही, भोकं रुंदावतात. पाठीवर सरस वाळलेला असेल तर कोरडाच, बोथट सुरीने, थोडा थोडा.

तीन वह्यांच्या घड्या तशाच शिवायच्या, जुन्या पिनांच्या भोकांतून जाता आलं तर नवी भोकं पाडू नका. चौथीची दोन-दोन पानं शेजारी ठेवून मधे पातळ नेपाळी कागदाची सेंटिमीटरभर पट्टी खळीने चिकटवायची, म्हणजे पुन्हा घडी तयार होते. जिथे अक्षरं कडेपर्यंत गेली आहेत तिथे आधी एखाद्या टिंबावर ओला कापूस टेकवून बघा. निळं उमटलं तर खळ अगदी घट्ट, ब्रशने पट्टीला लावायची, पानाला नाही, आणि लगेच टिपकागदाखाली दाबायची.

मेतकूट

शनिवारी पहिली वही सोडवली. सव्वातीन तास लागले. टिंब उमटत नाही, ही शाई पक्की आहे. खारीक पाव किलो. आणि त्याच्या खाली, शिवणीत पूर्ण गेलेली एक ओळ होती जी मी कधी वाचलीच नव्हती: "मेथ्या तुपात भिजवून, नाहीतर ही खात नाही."

'ही' म्हणजे मी.

नेपाळी कागद कुणाला पुण्यात मिळाला असेल तर कळवा. चौथी वही त्यासाठी थांबली आहे.

कागदवेडी

माझ्याकडे दोन ताव शिल्लक आहेत, पट्ट्यांना एक पुष्कळ होईल. डेक्कनला कधी येणार ते निरोपात कळवा, घेऊन येते. पट्ट्या कात्रीने कापू नका. पाण्याच्या ब्रशने रेघ ओढून हाताने फाडा, म्हणजे कडेला तंतू सुटे राहतात आणि पानावर जोड जाणवत नाही.