'आईबाप प्रकाशक होते म्हणून एरागॉन चाललं' म्हणणाऱ्यांसाठी

पानपलट्या:
काल एकाने 'एरागॉन' या ड्रॅगनच्या कादंबरीचा अमेरिकन लेखक ख्रिस्तोफर पाओलिनी याच्याबद्दल लिहिलं की 'आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारा पोरगा, आईबापांचं प्रकाशन, त्यात स्टार वॉर्सला ड्रॅगन चिकटवला, झाला बेस्टसेलर.' आणि खाली नुसती वाहवा. मला हे वाचून राग आला कारण यातलं अर्धं खरं आहे आणि उरलेलं अर्धं कोणी बघतच नाही. 'प्रकाशन' म्हणजे काय मोठी कचेरी नव्हती हो, अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या पॅराडाइज व्हॅलीत राहणारं एक कुटुंब आणि त्यांची घरगुती कंपनी. पोराने पंधराव्या वर्षी लिहायला घेतलं, पहिला खर्डा झाल्यावर दुसरं वर्ष तेच पुन्हा लिहिण्यात घातलं, मुखपृष्ठावरचा ड्रॅगनचा डोळा आणि आतला नकाशा स्वतः काढला. 2002 मध्ये पुस्तक छापून आलं आणि मग खरी मेहनत सुरू झाली, लाल शर्ट, ढगळ काळी पँट, काळी टोपी असा मध्ययुगीन वेश करून शाळा, लायब्ऱ्या मिळून 135 च्या वर कार्यक्रम केले त्याने. पुस्तक चाललं नसतं तर घर विकायची वेळ आली असती. हे आयतं?

शाईचा डाग:
दादा, तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केलात. घरावर तुळशीपत्र ठेवायला तयार असलेले आईबाप हेच तर भांडवल. मीही त्याच वयात कादंबरी लिहिली होती. वडिलांनी वही कपाटावर टाकली आणि म्हणाले आधी परीक्षा बघ. ती वही नंतर रद्दीत गेली. माझ्यात त्याच्याइतकं होतं असं म्हणत नाही, पण ते कळायची संधी तरी मिळाली का? आणि नशिबाचं काय? कार्ल हायसेनसारखा नावाजलेला लेखक सुट्टीला मोंटानात येतो, त्याच्या सावत्र मुलाला पुस्तक आवडतं, हायसेन आपल्याच प्रकाशकाला म्हणजे नॉफला सांगतो. 2003 च्या ऑगस्टमध्ये पुस्तक देशभर. असे किती पोरांच्या वाट्याला हायसेन येतात?

रानवारा:
दोघंही मुख्य गोष्ट सोडून बोलताय. तो शाळेतच गेला नाही! घरी शिकला, पंधराव्या वर्षी पत्राद्वारे हायस्कूल संपवून मोकळा. मग दिवसभर काय करणार, लिहिणार. रोज सहा-सात तास वर्गात बसणाऱ्या पोराकडून अशी जाड कादंबरी होईल का? शाळा हीच मुलांच्या कल्पनाशक्तीची वैरी आहे.

खडूफळा:
आलं शाळेवर! मी आयुष्य वर्गात घातलंय, म्हणून बोलते. माझ्याकडे घरी शिकलेली एक मुलगी मधूनच आली होती, हुशार, पण कुणी तिचं म्हणणं खोडलं की रडायची, कारण घरात कुणी खोडलंच नव्हतं. पाओलिनीच्या पहिल्या पुस्तकात तेच दिसतं मला. विशेषणांवर विशेषणं, कोणी हात धरून थांबवलंच नाही. वर्गात चार पोरं हसली असती तर निम्मी आपोआप गळाली असती.

दोन मुलांची आई:
खडूफळाताई, हे फार लागलं मला. आम्ही अमेरिकेत राहतो, धाकट्याला घरी शिकवते, कारण वर्गात तो बोलायचाच बंद झाला होता. चार पोरं हसतात तेव्हा विशेषणं गळत नाहीत हो, पोरगं गळतं. इथे पन्नासही राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर आहे, नियम तेवढे वेगवेगळे. आणि पाओलिनीची आई मॉन्टेसरी शिकलेली होती, नुसतं पोराला घरात ठेवून दिलं नव्हतं. तुमच्या एका मुलीवरून आम्हा सगळ्यांना मोजू नका.

खडूफळा:
तुमच्या मुलाबद्दल बोलले नव्हते. पण मग एका पाओलिनीवरून रानवारा सगळ्या शाळांना मोजतात ते चालतं का?

रानवारा:
त्याला रीड कॉलेजची पूर्ण स्कॉलरशिप मिळत होती, तीही सोडली त्याने. शाळा सोडा, कॉलेजही लागलं नाही.

शाईचा डाग:
स्कॉलरशिप सोडायला मागे घर लागतं बुवा. परत तिथेच आलो आपण.

पानपलट्या:
शाळेचं भांडण दुसरीकडे न्या, प्लीज. विशेषणांचं मान्य. कथेतला शेतावरचा पोरगा, मामाचा खून, गूढ म्हातारा गुरू, हा साचाही ओळखीचा, तेही मान्य. पण सुरुवातीचा कसायाचा प्रसंग आठवा. घरात मांस नाही, पोराकडे पैसे नाहीत, तो डोंगरात सापडलेला निळा दगड पुढे करतो, आणि दगड स्पाइनमधला, म्हणजे गाव ज्याला भितं त्या डोंगररांगेतला, म्हटल्यावर कसाई भडकतो, शेवटी लोहार पैसे देतो. गावाची भीती, गरिबी, माणसांचे स्वभाव, सगळं एका दुकानात. हे चिकटवलेलं नाही. आणि नशिबाने एक पुस्तक चालतं, वीस वर्षं चालत नाहीत. एरागॉनची तीन भागांची मालिका चार भागांची झाली, 2011 ला संपवली, मग 2020 मध्ये मोठ्यांसाठी अंतराळाची जाडजूड कादंबरी लिहिली, आणि 2023 ला 'मुर्टाघ' ही कादंबरी घेऊन त्याच जगात परत आला. मुर्टाघ वाचा आणि एरागॉनशेजारी ठेवा, हात किती बसलाय ते पानापानावर कळतं.

शाईचा डाग:
मुर्टाघ वाचलंय. चांगलं आहे, नाही म्हणत नाही. मेहनतही मान्य, घ्या. पण हायसेनचा तो सावत्र पोरगा त्या सुट्टीत दुसरं पुस्तक उचलता तर आज आपण हे बोलत नसतो, एवढं तुम्हीही मान्य करा.

पानपलट्या:
करतो की. पण त्याने उचलायला पुस्तक तिथे असावं लागतं, आणि ते तिथे होतं कारण एक कुटुंब ते छापून गावोगाव घेऊन फिरत होतं. तुमच्या वडिलांनी वही कपाटावर टाकली याचं मला खरंच वाईट वाटतं, पण त्याचा राग या पोरावर काढू नका.