मदत हवी आहे: ट्रायच्या सदस्यपदासाठी पतसंस्थेचं संचालकपद धरतात का?

नमस्कार मंडळी,

फोंड्याहून लिहितेय. आमच्या ग्राहक मंडळात एक ज्येष्ठ बाई आहेत. पेशाने सीए, आणि ग्राहकांच्या तक्रारी लढवण्यात उभी हयात गेली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, अर्धवेळ सदस्यपदाची जाहिरात पुढे कधी निघाली तर त्यांनी अर्ज करावा, असा आम्हा सगळ्यांचा आग्रह आहे. त्या अजून साठीच्या आत आहेत, त्यामुळे ६५ च्या वयोमर्यादेची आणि तीन वर्षांच्या मुदतीची काळजी नाही.

अडलंय ते पात्रतेवर. १९९७ च्या ट्राय कायद्यानुसार अध्यक्ष, जास्तीत जास्त दोन पूर्णवेळ आणि दोन अर्धवेळ सदस्य असतात. दूरसंचार, उद्योग, वित्त, लेखाशास्त्र, कायदा, व्यवस्थापन किंवा ग्राहक व्यवहार यांतलं विशेष ज्ञान आणि अनुभव लागतो. इथवर बाई चपखल बसतात. पण २०२३ च्या दूरसंचार कायद्याने कलम ४ बदललं आणि तो बदल ५ जुलै २०२४ पासून लागू झाला. सरकारी सेवेत नसलेल्या माणसाला सदस्य व्हायचं तर किमान २५ वर्षांचा व्यावसायिक अनुभव हवाच, शिवाय या क्षेत्रांतल्या कंपनीच्या संचालक मंडळावर किंवा मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून काम केलेलं हवं. (अध्यक्षपदाला ३० वर्षं.)

बाई एका पतसंस्थेच्या संचालक मंडळावर बरीच वर्षं होत्या. ते चालेल का? आणि नाही चाललं, तर ग्राहक चळवळीतला माणूस या पदावर पोचणार तरी कसा? आयुष्यभर लोकांच्या तक्रारी घेऊन बसणारे सहसा कंपन्यांच्या बोर्डावर नसतात. मला ही अट मनापासून चुकीची वाटते.

गोव्यासाठी हे फार जवळचं आहे. मुंबई वगळून महाराष्ट्र आणि गोवा मिळून मोबाइलचं एकच सेवाक्षेत्र. सेवेच्या दर्जाची सरासरी अख्ख्या क्षेत्राची काढली की त्यात नागपूरही येतं आणि काणकोणही. सत्तरी-सांगेच्या आतल्या वाड्यांवरची मुलं २०२० साली ऑनलाइन वर्गासाठी रेंज शोधत डोंगर चढत होती. ती मुलं त्या सरासरीत कुठे दिसणार? ट्रायमध्ये बसून हा प्रश्न विचारणारं कुणीतरी हवं, म्हणून हा खटाटोप. जाणकारांनी कृपया सांगावं.

अंत्रुजकर: ताई, पतसंस्थेवर विसंबू नका. आपल्याकडच्या पतसंस्था गोवा सहकारी संस्था कायदा २००१ खाली नोंदलेल्या असतात, कंपनी कायद्याखाली नव्हे. छाननी करणारा तिथेच अर्ज बाजूला ठेवील अशी मला भीती वाटते. बाई कधी कलम ८ च्या ना-नफा कंपनीवर होत्या का? किंवा प्रोड्युसर कंपनीवर, म्हणजे शेतकरी-उत्पादकांनी मिळून काढलेल्या कंपनीवर? या दोन्ही कंपनी कायद्याखालीच येतात. दुसरं, नेमणुकीआधी केंद्र सरकारला खात्री करून घ्यावी लागते की कामाला बाधा येईल असा आर्थिक किंवा इतर हितसंबंध उमेदवाराला नाही. मोबाइल कंपन्यांचे शेअर्स असतील तर आत्ताच मोकळे व्हा.

रानातला: आमच्या वाळपईच्या बाजूने कुणी तिथे बोललं तर फार बरं होईल. कायद्यातलं मला कळत नाही, पण बाईंना सांगा, अर्ज कराच.

धागाकर्ती: अंत्रुजकर, खूप आभार. आज बाईंना विचारलं. शेअर्स नाहीत. मात्र काजू बागायतदारांच्या एका प्रोड्युसर कंपनीवर त्या संचालक होत्या, हिशेबाचं सगळं त्याच पाहायच्या. नेमणुकीची कागदपत्रं जपून ठेवलीत. मग आता प्रश्न एवढाच उरतो की काजूची कंपनी 'उद्योग' या क्षेत्रात धरतील का? की तिथलं त्यांचं काम वित्त आणि लेखाशास्त्राचं होतं असं दाखवावं? बाई म्हणतात, जे काम केलं तेच लिहायचं, ओढूनताणून काही नको. अशा पदासाठी कुणी अर्ज भरला असेल, नियामक मंडळ कुठलंही असो, तर अनुभवाचा रकाना कसा लिहिला ते सांगाल का? व्यक्तिगत निरोप पाठवलात तरी चालेल.